आता शांत झोपतो

शिलाई मशिनीच्या आवाजावरून तिचं दुखणं सांगणारा माणूस, अशी मशीनकाकांची ख्याती होती. कुणी मशीन घेऊन दुकानात आलं की ते आधी झाकण उघडत नसत. "चालवा," म्हणायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. शटल घासतंय की दात्यांत कचरा बसलाय की पट्टा सैल झालाय, हे त्यांना कानानंच कळायचं. मग तेलाचे चार थेंब, एखादा स्क्रू इकडेतिकडे, आणि खडखड थांबली की काम फत्ते. चाळीस वर्षं हा एकच हिशेब चालत आला होता. आवाज बंद म्हणजे दुखणं बंद.

दुकानाच्या मागे बाहेरची खोली आणि तिच्या मागे आतली खोली, एवढंच घर. काकूंना जाऊन दहा महिने झाले होते. त्यांच्या आजारपणात काका बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपायला लागले ते अजून तिथेच झोपत होते. आतल्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. कपाटातून कपडे घ्यायला जायचे तेवढंच.

कुत्र्याची कल्पना लेकीची. ती दुसऱ्या शहरात एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती, आणि रोज संध्याकाळी फोन करून बापाची उलटतपासणी घ्यायची.

"जेवलात का? काय जेवलात? आणि दिवसभरात माणसासारखं कुणाशी बोललात का?"

"गिऱ्हाइकांशी बोललो की."

"'परवा या' हे बोलणं नाही, बाबा."

शेवटी तिनं काकांच्याच गावातल्या प्राण्यांच्या निवाऱ्यात फोन लावून परस्पर ठरवून टाकलं. तिथे बेवारस कुत्री ठेवायला जागा पुरत नाही, म्हणून कायमचं घर मिळेपर्यंत महिना-दोन महिने कुणीतरी सांभाळायचं असतं. "उंटावरून शेळ्या हाक तू," काका म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

निवाऱ्यातली ताई एका रविवारी सकाळी कुत्रा घेऊन आली. फिकट तपकिरी रंग, काडीसारखे पाय, आणि एवढंसं तोंड. भाडेकरू घर सोडून गेले आणि याला आतच कोंडून विसरले, असं तिनं सांगितलं. पाचव्या दिवशी कुणीतरी कुलूप तोडलं तेव्हा तो सापडला. तो दुकानात आल्या आल्या टेबलाच्या पायांभोवती, मशिनीतल्या दोऱ्याच्या रिळासारखा, असा गरगर फिरला की काकांच्या तोंडून निघून गेलं, "अरे, हा तर बॉबिन!" तेच नाव पडलं.

ताईनं बरोबर एक जाळीचा पिंजरा आणला होता.

"पिंजरा म्हणू नका, काका. ही त्याची खोली. रात्री त्याला यात झोपायची सवय लागली तर घर मिळायला सोपं जातं. पण घाई करू नका. एकटं पडायला फार घाबरतो तो. सगळं या कागदावर लिहिलंय."

काकांनी कागद घेतला आणि गल्ल्याखाली सरकवला. ज्यानं आयुष्यात एकाही मशिनीचं माहितीपुस्तक उघडलं नव्हतं, तो कुत्र्याचं काय वाचणार?

पहिल्या रात्री त्यांनी पिंजरा दुकानात ठेवला, बॉबिनला आत ढकललं, कडी लावली, दिवा मालवला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पडले. पाच मिनिटं ठीक गेली. मग जे सुरू झालं त्याला भुंकणं म्हणता आलं नसतं. लांबच लांब हेल काढत तो रडत होता. मधेच जाळीवर पंजे खरवडल्याचा आवाज, मग परत हेल. काकांनी उशी कानावर घेतली. एक वाजता दार वाजलं. शेजारचा बसवाला बनियनवर उभा होता. त्याचं घर भिंतीला भिंत लागून.

"काका, पहाटे चारला मला गाडी काढायची असते. चाळीस माणसं बसतात मागे."

"उद्यापासून नाही होणार," काका म्हणाले.

आणि खरोखरच त्यांनी शब्द खरा केला. दुसऱ्या रात्री बॉबिननं पहिला हेल काढला तसे ते लोखंडी पट्टी घेऊन गेले आणि पिंजऱ्याच्या छतावर खाडकन मारली. "गप!" सगळं दुकान दणाणलं. बॉबिन कोपऱ्यात चेपला. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा रडला, पुन्हा पट्टी. त्या रात्री सहा वेळा. तिसऱ्या रात्री दोनदा. चौथ्या रात्री पट्टी नुसती हातात घेऊन उभं राहिलं तरी पुरलं. पाचव्या रात्री तेही लागलं नाही. चिडीचूप.

काकांची छाती फुगली. गिऱ्हाइकांना सांगितलं, बसवाल्याला सांगितलं, फोनवर लेकीला सांगितलं, "चार रात्रींत सरळ केला बघ. आता शांत झोपतो."

"शांत झोपतो," लेकीनं पलीकडून तेच शब्द पुन्हा म्हटले. मग म्हणाली, "बरं झालं."

दहाव्या दिवशी ताई बघायला आली. काकांनी ऐटीत तिला दाखवलं. पिंजऱ्याकडे बोट केलं मात्र, बॉबिन पोट जमिनीला घासत, शेपूट पायांत घालून आत गेला आणि मागच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून बसला. काकांनी ताईकडे बघितलं. शाबासकीची वेळ होती. पण ताई खाली बसली होती. तिनं आतलं पांघरूण हातात घेतलं. ते लाळेनं ओलंचिंब होतं. मग हलकेच बॉबिनचं तोंड वळवून बघितलं. नाकावरचं कातडं जाळीवर घासून सोललं होतं. पुढचा एक दात तुटला होता.

"हे कधी झालं, काका?"

दिवसभर कुत्रा काकांच्या समोर असायचा, पण नाकाकडे त्यांनी बघितलं नव्हतं.

"रडत तर नाही तो," ते म्हणाले. "अजिबात आवाज करत नाही."

"हो ना," ताई म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती अगदी साध्या आवाजात बोलली. "हा झोपत नाहीये, काका. बोलावून कुणी येत नाही हे कळलंय त्याला. म्हणून गप्प बसलाय."

काकांना ते झोंबलं. "मग घेऊन जा तुमचा कुत्रा. आम्ही अडाणी."

"आज जागा नाही हो. चार-पाच दिवस द्या, काहीतरी बघते." निघताना तिनं गल्ल्याखालून डोकावणारा कागद बघितला. घडी उलगडलेली नव्हती.

त्या रात्री काकांचा डोळ्याला डोळा लागेना. घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती. दोनच्या सुमाराला ते उठले, बॅटरी घेतली आणि अनवाणी दुकानात गेले. वाटलं होतं, झोपलेला सापडेल, मग उद्या ताईला फोन करून सुनावता येईल. उजेड पिंजऱ्यावर पडला. बॉबिन जागा होता. चारही पाय अंगाखाली घेऊन, डोळे सताड उघडे ठेवून तो बसला होता आणि त्याचं सगळं अंग बारीक थरथरत होतं. काकांना बघून त्यानं मान आणखी खाली घातली. तोंडातून आवाज नाही.

काका तिथेच, मशिनींच्या मधल्या मोकळ्या जागेत, बसले.

काकूंच्या आजारात आतल्या खोलीत पलंगाशेजारी एका स्टुलावर वाटी आणि चमचा ठेवलेला असायचा. हाक मारायची ताकद राहिली नव्हती. काही लागलं की त्या चमचा वाटीवर वाजवायच्या. पाणी हवं असायचं, कूस बदलून हवी असायची. आणि पुष्कळदा काहीच नको असायचं. काका धडपडत उठून जायचे, "काय गं?" विचारायचे, आणि काकू म्हणायच्या, "काही नाही हो. बसा ना जरा." एका रात्री चौथ्यांदा वाटी वाजली. दुसऱ्या दिवशी एका कारखान्याच्या बारा मशिनी द्यायच्या होत्या. काका दारातूनच म्हणाले, "अगं, जरा गप्प पडून राहिलीस तर दोघांनाही झोप लागेल."

"बरं," काकू म्हणाल्या.

त्यानंतर वाटी वाजली नाही. बारा रात्री काका गाढ झोपले. डॉक्टरांना, येणाऱ्या-जाणाऱ्यांना, लेकीला, सगळ्यांना त्यांनी सांगितलं की आता तिला आराम वाटतोय, रात्रभर शांत झोपते. तेराव्या सकाळी ते चहा घेऊन आत गेले तेव्हा काकू केव्हाच्याच गेलेल्या होत्या. पुढे अंथरूण काढताना उशीखाली चमचा सापडला. रुमालात गुंडाळून, रुमालाला गाठ मारलेली. चुकून हात लागला तरी वाजू नये म्हणून. काकांना त्याचा अर्थ त्याच वेळी कळला होता. कळला, आणि त्यांनी चमचा नेऊन बाकीच्या चमच्यांत टाकला, आणि त्या विचाराला दहा महिने दार उघडलं नाही.

त्यांनी पिंजऱ्याची कडी काढली. बॉबिन बाहेर आला नाही. "ये," ते म्हणाले. तो हलला नाही. काका उजाडेपर्यंत तिथेच बसून राहिले. मग त्यांनी गल्ल्याखालचा कागद काढला आणि चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

दिवसा त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेऊन पिंजऱ्याचं दारच बिजागरीतून काढून टाकलं. पिंजरा उचलून आतल्या खोलीत नेला, पलंगाला लागून ठेवला. पलंगावर नवी चादर घातली. आतल्या खोलीत झोपायचं म्हणजे काय, हे त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं, पण कागदावर लिहिलं होतं की माणसाचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळ ठेवा. जेवणाचं भांडं आधी पिंजऱ्याच्या बाहेर, दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर, मग एक वीत आत. लोखंडी पट्टी त्यांनी दुकानातून हलवून कपाटावर फेकली, कारण ती हातात घेतली की बॉबिन जागच्या जागी मुतायचा. आता मशिनीचे पट्टे मोजायला टेप.

ताईचा फोन आला. "काका, एका ठिकाणी जागा झालीय. आणू का गाडी?"

"राहू दे," काका म्हणाले. "मी बिघडवलंय, मलाच बघू दे. आणि हे बघ, तू म्हणालीस ते बरोबर होतं." एवढं बोलायला त्यांना चाळीस वर्षांतलं सगळं बळ लागलं.

आठ रात्री बॉबिन पिंजऱ्यात गेलाच नाही. खोलीच्या दाराशी बसून जागायचा. काका पलंगावर पडून हात खाली सोडून ठेवायचे. हाताला मुंग्या यायच्या. नवव्या रात्री बोटांना काहीतरी ओलं लागलं. त्यांनी श्वास रोखला. बॉबिन पिंजऱ्यात शिरून आडवा झाला होता, नाक त्यांच्या बोटांपाशी. मग दोन दिवसांनी पिंजऱ्याचं दार परत बसलं, पण उघडंच. मग लोटलेलं. मग कडी, पण पाच मिनिटांपुरती, आणि काका शेजारी बसलेले. झोपण्याआधी गल्लीच्या टोकापर्यंत फेरी, शी-शू, पिंजऱ्यावर अर्धी चादर. काका कुरकुर करत एकेक करत गेले. "मशीन बरी," ते त्याला म्हणायचे. "तिला निदान फिरायला न्यावं लागत नाही."

आणि एका रात्री, कडी लागलेली असताना, बॉबिन कुंईं करून बोलला. बारीकसा, घाबरत घाबरत. आवाज निघाल्यावर स्वतःच दचकून कोपऱ्यात सरकला. पट्टीची वाट बघत असणार. काका टुणकन उठले. "बोल रे, बोल. काय पाहिजे?" त्याला बाहेर जायचं होतं, एवढंच. गल्लीतल्या झाडाशी उभा राहून त्यानं पाय वर केला तेव्हा काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते अंधारात कुणाला दिसायचं कारण नव्हतं.

त्यानंतर तो बोलायलाच लागला. रात्रीतून दोनदा, कधी तीनदा. आतली खोली बसवाल्याच्या भिंतीला लागून, त्यामुळे आठवड्याच्या आत तो परत दारात.

"काका, आता तर माझ्या उशाशीच रडतोय तो!"

"अजून थोडे दिवस सोस, बाबा. कमी होतंय. पण याला गप्प करणं माझ्याच्यानं आता होणार नाही."

बसवाला जरा वरमला. चहा घ्यायला बसला. भिंतीकडे बघत म्हणाला, "भिंत फार पातळ आहे. सगळं ऐकू येतं. काकू होत्या तेव्हासुद्धा रात्री त्यांचा आवाज यायचा."

काकांचा कप हातातच राहिला. "कधी?"

"शेवटी शेवटी. पहाटे मी उठायचो तेव्हा. हळू आवाजात बोलत असायच्या. मी बायकोला म्हणायचो, बघ, काका या वयात पहाटे तीनला उठून बायकोशी गप्पा मारत बसतात. शीक जरा."

"काय बोलायची?"

"शब्द नाही कळायचे, काका. नुसता आवाज. पण बराच वेळ." मग काकांचा चेहरा बघून तो थांबला. "तुम्ही होतात ना आत?"

"नाही," काका म्हणाले.

बसवाल्यानं चहा अर्धा टाकला आणि गेला. त्या दिवशी काकांनी दुकान उघडलं नाही. आतल्या खोलीत पलंगावर बसून ते भिंतीकडे बघत राहिले. चमचा बांधून ठेवल्यावर काकू बारा रात्री कुणाशी बोलत होत्या? काय सांगत होत्या? मशिनीच्या पोटातला केसाएवढा बिघाड ऐकणारा माणूस मधे एक दार सोडून झोपला होता.

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा त्यांनी "जेवलात का" पर्यंतही तिला पोचू दिलं नाही. सगळं सांगितलं. दारातून बोललेलं वाक्य, चमचा, रुमालाची गाठ, बसवाला. "मी तुला सांगत होतो, शांत झोपते म्हणून. ते खरं नव्हतं. मला माहीतच नव्हतं काय खरं होतं ते. मी बघितलंच नाही."

"आई जायच्या आधीच्या शनिवारी मी येणार होते, बाबा," लेक म्हणाली. "तिकीट काढलं होतं. तुम्ही म्हणालात, आता बरी आहे, शांत झोपते. म्हणून मी पुढच्या महिन्यात येऊ म्हटलं. तिकीट रद्द केलं मी."

"हे तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार होते?"

फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. काका फोन समोर ठेवून बसायचे, दोनदा त्यांनी स्वतः लावलाही, पण तिनं उचलला नाही.

बॉबिन मात्र सुधारत होता. रात्रीतून एकदा, मग एक रात्र आड, मग पहाटेपर्यंत नाहीच. काका तरीही उठून बघायचे. तो कुशीवर, पाय ताणून, तोंड अर्धवट उघडं टाकून घोरत असायचा. झोपेत पंजे हलायचे. कुत्रा येऊन अडीच महिने झाले तेव्हा ताईनं एक जोडपं आणलं, दोघं शाळेत शिक्षक. बॉबिननं त्यांचे बूट हुंगले, बाईंच्या मांडीवर हनुवटी ठेवली, आणि ठरलं. काकांना वाटलं, आपण म्हणावं की हा माझाच. पण बाईंचा हात त्याच्या नाकावरच्या त्या पांढऱ्या वणावर गेला आणि त्यांनी विचारलं, "हे कशानं?"

"माझ्यामुळे," काका म्हणाले, आणि अनोळखी माणसांसमोर, लोखंडी पट्टीपासून, सगळं सांगितलं. मास्तरांनी बायकोकडे बघितलं. ताईनं खाली बघितलं. बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आम्ही जपू." काकांनी पिंजरा स्वतः उचलून त्यांच्या गाडीत ठेवला. बॉबिन मागच्या काचेतून बघत होता, पण फार वेळ नाही. त्याला पुढे बघायला पुष्कळ होतं.

त्यानंतर पाचेक दिवसांनी लेक आली. न कळवता, हातात एक छोटी पिशवी घेऊन, दुकान बंद करायच्या वेळेला. काकांनी ब्रेड भाजला, अंडी केली. ती फारसं बोलली नाही. कुत्र्याचं विचारलं. गेला म्हटल्यावर "अच्छा" म्हणाली. काकांनी तिचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घालायला घेतलं तर म्हणाली, "नाही. मी आत झोपते, आईच्या पलंगावर."

काका दिवाणावर पडले. बराच वेळ गेला. आतून काही आवाज नव्हता. ते उठले, दारापाशी गेले आणि दार ढकललं. लेक अंधारात पलंगावर बसलेली होती, पाठ भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन.

"झोपा, बाबा. काही नाही."

काका गेले नाहीत. स्टूल ओढून बसले. तिनं बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. कधीतरी, झोपेची वेळ दोघांचीही निघून गेल्यावर, ती म्हणाली, "त्या बारा रात्रींचं सांगा मला. सगळं. ती कशी असायची, काय म्हणायची, तिला फार दुखत होतं का."

काकांनी तोंड उघडलं. दिवसांबद्दल त्यांना सांगता आलं. डॉक्टर काय म्हणाले, ती किती घास खायची, सकाळी केस विंचरताना कशी हसली होती एकदा. मग दिवस सांगून संपले आणि लेक पुढचं ऐकायला थांबून राहिली.

रात्रींबद्दल सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. ते झोपले होते.